सायंकाळी साडेसहाला इंटरनेट अडखळते: रांग शोधण्याची आणि हलवण्याची पद्धत

ठाण्यात नौपाड्यातल्या एका लहान स्थापत्य कार्यालयाचे जाळे मी सांभाळतो. नऊ माणसे, अकरा संगणक, चार कॅमेऱ्यांचा एक डीव्हीआर आणि एकच फायबर जोडणी, एवढाच पसारा आहे. जोडणीवर डाउनलोड 92 आणि अपलोड 40 एमबीपीएस मोजले जात होते. तरीही दररोज सायंकाळी साडेसहाच्या सुमारास व्हिडिओ कॉलमधला आवाज तुटायचा, समोरच्याचे चित्र गोठायचे, दूरच्या सर्व्हरवर उघडलेली फाइल प्रतिसाद देईनाशी व्हायची, आणि सव्वासातला सारे आपोआप सुरळीत व्हायचे. सेवा देणाऱ्या कंपनीचा तंत्रज्ञ दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा त्याने स्पीड टेस्ट लावून दाखवली आणि म्हणाला, "सर, स्पीड तर पूर्ण येतोय." त्याचे म्हणणे खोटे नव्हते, मात्र आमची तक्रार वेगाबद्दल नव्हतीच.

तक्रार विलंबाची होती. स्पीड टेस्ट एका सेकंदात किती माहिती जाते हे सांगते, पण एखाद्या पॅकेटला, म्हणजे माहितीच्या एका छोट्या पुडक्याला, जायला किती वेळ लागला हे त्या मोठ्या आकड्यावरून कळत नाही. व्हिडिओ कॉलमधल्या आवाजाला शंभर केबीपीएससुद्धा लागत नाहीत. त्याची पॅकेटे साधारण दर 20 मिलिसेकंदांनी निघतात आणि ती त्याच लयीत पोहोचावीत एवढीच त्याची अपेक्षा असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.114 या शिफारशीत संभाषणासाठी एका दिशेचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असावा असे म्हटले आहे. आमच्याकडे त्या पाऊण तासात तो त्याच्या कितीतरी पुढे जात होता.

आधी मोजणी

हे मोजण्यासाठी कोणतेही खास उपकरण लागत नाही. एक संगणक वायरने राउटरला जोडावा आणि तीन खिडक्यांत तीन पिंग, म्हणजे एखाद्या पत्त्याला साद घालून उत्तर यायला लागलेला वेळ मोजणाऱ्या चाचण्या, सतत चालू ठेवावेत: पहिला राउटरला, दुसरा कंपनीच्या पहिल्या टप्प्याला, म्हणजे वाटेतले टप्पे दाखवणाऱ्या ट्रेसराउट या कमांडमध्ये राउटरनंतर दिसणाऱ्या पत्त्याला, आणि तिसरा एखाद्या दूरच्या, भरवशाच्या पत्त्याला. सकाळी कार्यालय रिकामे असताना हे आकडे एकाहून कमी, 4 आणि 9 मिलिसेकंद असे होते. मग दोन जीबीची एक फाइल मुद्दाम क्लाउडवर चढवायला लावली. राउटरचा पिंग जागचा हलला नाही, पण कंपनीच्या पहिल्या टप्प्याचा 610 वर आणि दूरचा 615 वर गेला. अपलोड थांबवल्यावर दोन सेकंदांत सारे पूर्ववत झाले.

इथे एक सावधगिरी बाळगावी लागते. काही कंपन्यांची उपकरणे पिंगला उत्तर देण्याचे काम मागे टाकतात, त्यामुळे एकट्या पहिल्या टप्प्याचा आकडा वाढलेला दिसला तर लगेच निष्कर्ष काढू नये. त्याच्या पलीकडचा, दूरचा आकडाही तेवढाच वाढला असेल तरच रांग त्या टप्प्याच्या अलीकडे आहे असे धरावे. आमच्याकडे दोन्ही आकडे एकत्र वाढले होते, म्हणजे रांग आमचा राउटर आणि कंपनीचा पहिला टप्पा यांच्या दरम्यान होती. तिथे भिंतीवर टांगलेली एकच पेटी होती, ती म्हणजे कंपनीने दिलेला ओएनटी, फायबरमधले प्रकाशाचे संकेत साध्या वायरीसाठी बदलून देणारे उपकरण.

ही रांग केवढी होती, याचा हिशेब करता येतो. अपलोड 40 एमबीपीएस आणि वाढीव विलंब सुमारे 600 मिलिसेकंद, यांचा गुणाकार 24 मेगाबिट, म्हणजे 3 मेगाबाइट होतो. दीड हजार बाइटांचे एक पॅकेट धरले तर ओएनटीच्या बफरमध्ये, म्हणजे पॅकेटे थांबवून ठेवण्याच्या जागेत, दोन हजार पॅकेटे उभी होती आणि आवाजाचे इवलेसे पॅकेट त्या सगळ्यांच्या मागे ताटकळत होते. साडेसहाची वेळही मग उलगडली. घरी निघण्यापूर्वी प्रत्येकजण दिवसभराचे आराखडे जतन करतो आणि ते सगळे एकाच वेळी क्लाउडवर चढू लागतात. आखाती देशांतल्या ग्राहकांशी ठरलेले कॉल नेमके त्याच सुमाराला असतात, कारण तिकडे तेव्हा चार-पाच वाजलेले असतात.

घोडबंदर रस्त्याने गायमुखच्या घाटाकडे गेलेल्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. माजिवड्याकडे कितीही मार्गिका वाढवल्या तरी रांग घाटातच लागते, कारण रस्ता तिथे अरुंद होतो. जाळ्यातही रांग सर्वांत अरुंद जागी उभी राहते. आमचा राउटर आणि ओएनटी यांच्यातली वायर एक गिगाबिटची आहे, त्यामुळे राउटरमध्ये रांग लागण्याचे कारणच नव्हते. राउटरमध्ये रांगेचे उत्तम नियम बसवलेले होते, परंतु जिथे रांगच नाही तिथे नियम कोणाला लावणार?

या दुखण्याला बफरब्लोट असे नाव आहे आणि ते 2010 च्या सुमारास जिम गेटिस यांनी रूढ केले. स्वतःच्या घरून मोठ्या फाइली चढवत असताना घरातल्यांचे इंटरनेट मंदावते, हे त्यांना खटकले होते. स्मृती स्वस्त झाल्यामुळे उपकरणे बनवणाऱ्यांनी एकही पॅकेट गळू नये या सद्हेतूने बफर फुगवत नेले होते. टीसीपीला, म्हणजे फाइली पॅकेटांतून पोहोचवणाऱ्या नियमावलीला, मात्र पॅकेट गळाल्यावरच रस्ता भरल्याचे कळते. ऑक्टोबर 1986 मध्ये लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि जवळचेच बर्कले विद्यापीठ यांच्यातला वेग 32 केबीपीएसवरून 40 बीपीएसवर कोसळला, त्यानंतर व्हॅन जेकबसन यांनी टीसीपीला गळती पाहून आवरते घेण्याची शिस्त लावली. गळतीच दडवून ठेवली की ती शिस्त कामाला येत नाही.

जो उपाय चालला नाही

माझी पहिली चूक प्राधान्याची होती. जुन्या राउटरमध्ये क्यूओएसचे, म्हणजे कोणत्या कामाला आधी सोडायचे हे ठरवण्याचे, पान होते. त्यात व्हिडिओ कॉलला सर्वोच्च, वेबपृष्ठांना मध्यम आणि क्लाउडला सर्वांत खालची पायरी दिली. दोन दिवस बरे वाटले, पण ते शनिवार-रविवार होते. सोमवारी साडेसहाला पुन्हा तेच. राउटरने आवाजाचे पॅकेट सर्वांच्या आधी पुढे पाठवले खरे, पण पुढे ओएनटीमध्ये दोन हजार पॅकेटे आधीच उभी होती आणि आमचे प्राधान्य ओएनटीला ठाऊकही नव्हते. शिवाय अशा याद्या कधीच पुऱ्या होत नाहीत. प्रत्येकाचे काम त्याच्या दृष्टीने तातडीचेच असते, आणि महिन्याभरात यादीतले सारेच सर्वोच्च पायरीवर येऊन बसते.

रांग आपल्या हाती घेणे

म्हणून राउटरने ओएनटीपेक्षा मुद्दाम थोडे हळू पाठवावे, जेणेकरून सर्वांत अरुंद जागा राउटरमध्येच येईल आणि रांगही तिथेच लागेल. ट्रॅफिक शेपिंगचा इथे एवढाच अर्थ आहे. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली बसवली, एसक्यूएम हे रांग सांभाळण्याचे पॅकेज घेतले आणि रांगेची पद्धत म्हणून केक निवडली, जी 2018 पासून, आवृत्ती 4.19 पासून, लिनक्सच्या मूळ कर्नलमध्येच, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यातच, आहे. अपलोडची मर्यादा मोजलेल्या 40 च्या 90 टक्के, म्हणजे 36 एमबीपीएस ठेवली आणि डाउनलोडची 92 वरून 83.

रांग आपल्या हातात आल्यावर तिचे काय करायचे हे केक ठरवते. तिच्या पोटात कोडेल या कल्पनेचा वारसा आहे, जी कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 2012 मध्ये मांडली. कोडेल रांगेची लांबी पाहत नाही, तर प्रत्येक पॅकेटला किती वेळ उभे राहावे लागले ते पाहते. सलग 100 मिलिसेकंद एकही पॅकेट 5 मिलिसेकंदांच्या आत सुटले नाही, तर ती एक पॅकेट गाळते, आणि फरक पडेपर्यंत गाळण्याची गती वाढवत नेते. क्षणभर उसळलेली गर्दी तिला चालते, ठाण मांडून बसलेली रांग मात्र चालत नाही. याच्या जोडीला प्रत्येक जोडणीची रांग वेगळी असते, आणि थोडी थोडी पॅकेटे पाठवणाऱ्याला, म्हणजे आवाजाला, खोळंबावे लागत नाही. कोणत्याही यादीशिवाय आवाज पुढे निघून जातो, हे मला या पद्धतीतले सर्वांत समाधानाचे वाटते.

डाउनलोडचे गणित थोडे वाकडे आहे. येणारी पॅकेटे अरुंद जागा ओलांडूनच आपल्याकडे पोहोचलेली असतात, मग त्यांना अडवून काय मिळणार, असा प्रश्न रास्त आहे. राउटर त्यांना आयएफबी नावाच्या एका आभासी इंटरफेसमधून फिरवतो आणि तिथे काही गाळतो. पाठवणाऱ्या सर्व्हरला गळती कळते आणि तो स्वतःच हात आखडता घेतो. हे दुरून घातलेले लगाम असल्यामुळे डाउनलोडला अपलोडपेक्षा जास्त मोकळी जागा सोडणे शहाणपणाचे ठरते.

एक बारीक नोंद ओव्हरहेडची, म्हणजे पॅकेटवरच्या जादा वजनाची. पीपीपीओई, व्हीलॅन आणि इथरनेट यांची वेष्टणे प्रत्येक पॅकेटवर चढतात आणि राउटरने ती न मोजता हिशेब केला तर तो चुकतो. मी 44 बाइट ही सुरक्षित मर्यादा भरली. दीड हजार बाइटांच्या पॅकेटवर हे जेमतेम तीन टक्के होतात, पण 200 बाइटांच्या आवाजाच्या पॅकेटवर 22 टक्के होतात. म्हणून हा रकाना रिकामा सोडला तर मोठ्या फाइलच्या चाचणीत सगळे ठीक दिसते आणि लहान पॅकेटांच्या गर्दीत मर्यादा गुपचूप ओलांडली जाते.

बदलानंतर तीच दोन जीबीची फाइल चढवत असताना कंपनीच्या पहिल्या टप्प्याचा पिंग 9 ते 12 मिलिसेकंदांत राहिला. स्पीड टेस्टमध्ये अपलोड चार-पाच आणि डाउनलोड नऊ-दहा एमबीपीएस कमी दिसू लागले, त्याबद्दल कार्यालयाच्या मॅडमनी विचारलेही. साडेसहाच्या कॉलनंतर तो प्रश्न पुन्हा आला नाही.

दुखणे पुन्हा उलटते तेव्हा

यानंतर हेच लक्षण तीनदा परत आले. तिन्ही वेळा लक्षण तेच असले तरी कारण वेगळे निघाले, म्हणून ते जरा विस्ताराने सांगतो.

पहिल्यांदा ते राउटरचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतली प्रणाली, अद्ययावत केल्यानंतर आले. सेटिंग्ज तशाच दिसत होत्या, 36 आणि 83 हे आकडेही जागेवर होते. टीसी या कमांडकडून केकची आकडेवारी काढली तेव्हा दिसले, की दोन जीबी चढवूनही तिच्या खात्यात काही मेगाबाइटच जमा होते आणि गाळलेल्या पॅकेटांची संख्या शून्य होती. नव्या फर्मवेअरमध्ये सगळे नव्याने मांडताना मीच हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग चालू केले होते, कारण वर्णनात त्याने वेग वाढतो असे लिहिले होते. त्याने वेग वाढतो हे खरेच आहे, कारण पॅकेटे प्रोसेसरला वळसा घालून थेट चिपमधून निघून जातात, आणि त्यांच्याबरोबर रांगेच्या नियमालाही वळसा पडतो. ऑफलोडिंग बंद केल्यावर काम झाले. तेव्हापासून माझा नियम असा आहे, की सेटिंगच्या पानावर विश्वास न ठेवता आकडेवारी पाहायची. भार असताना गाळलेल्या किंवा गाळण्याऐवजी गर्दीची खूण केलेल्या पॅकेटांचा आकडा वाढत नसेल, तर शेपिंग चालू नाही असे समजावे.

दुसऱ्या खेपेला आकडेवारी चालू होती, तरीही सायंकाळी विलंब 200 च्या वर जात होता. सकाळी मात्र काहीच नाही. शेपिंग दहा मिनिटे बंद ठेवून सायंकाळी सात वाजता मोजले, तर अपलोड 40 ऐवजी 29 आणि डाउनलोड 78 भरले. गल्लीतले फायबर बहुधा जीपॉन पद्धतीचे असते, ज्यात सुमारे 2.5 जीबीपीएस डाउनलोड आणि 1.25 जीबीपीएस अपलोड स्प्लिटर नावाच्या फाट्यामधून अनेकदा 32 किंवा 64 घरांत वाटले जाते. अपलोडसाठी प्रत्येक ओएनटीला वेळेचे तुकडे मिळतात आणि शेजारी घरी परतल्यावर ते आखूड होतात. माझी मर्यादा 36 ची होती आणि रस्ता 29 चा उरला होता, म्हणजे अरुंद जागा पुन्हा ओएनटीमध्ये सरकली होती आणि रांगही तिच्यामागे गेली होती. ठरलेल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनमध्ये दोन ओळी लिहिल्या: सायंकाळी सहाला मर्यादा 26 आणि 70 करायच्या, रात्री दहाला पूर्ववत करायच्या. ज्यांची जोडणी तासातासाला बदलते, विशेषतः मोबाइल डेटावर चालणाऱ्या राउटरची, त्यांनी केक-ऑटोरेट ही स्क्रिप्ट पाहावी. ती विलंब मोजत राहते आणि मर्यादा स्वतःच वरखाली करते.

मात्र त्याआधी एक चाचणी चुकवू नये. सायंकाळी गर्दीच्या वेळी सगळ्यांच्या वायरी काढून आणि वाय-फाय बंद करून, एकट्या संगणकावरून काहीही न चढवता पिंग घ्यावा. आमच्याकडे तो 5 होता, म्हणजे रांग आमचीच होती आणि ती आम्हाला आवरता येणार होती. कार्यालय गप्प असतानाही तो 150 किंवा 200 दिसला, तर रांग कंपनीच्या सामायिक मार्गात आहे आणि आपल्या राउटरवर कितीही मर्यादा लावल्या तरी शेजाऱ्यांची पॅकेटे हटणार नाहीत. तेव्हा चार दिवसांच्या नोंदी वेळेसह जोडून लेखी तक्रार करणे हाच मार्ग राहतो, आणि तिथे "नेट स्लो आहे" या वाक्याला किंमत नसते.

तिसऱ्यांदा कारण आम्हीच विकत आणले. जोडणी 300 आणि 100 ची करून घेतली, मर्यादा 270 आणि 90 केल्या, आणि डाउनलोड 140 वर अडकून विलंब 60 वर गेला. राउटर जुना, एका कोअरचा होता. प्रोसेसर कशात गुंतला आहे हे दाखवणारी टॉप ही कमांड लावून पाहिले तर सॉफ्ट इंटरप्टच्या, म्हणजे पॅकेटे हाताळण्याच्या, रकान्यात 95 टक्क्यांहून जास्त वेळ जात होता. प्रत्येक पॅकेट हाताळून, मोजून, वेळेवर सोडणे हे प्रोसेसरचे काम आहे आणि तो दमला की रांग प्रोसेसरच्या दारात लागते. नवा राउटर येईपर्यंतच्या आठवड्यात मी डाउनलोडचे शेपिंग बंद करून फक्त अपलोडचे ठेवले. डाउनलोड 230 पर्यंत मिळाले आणि कॉल जवळजवळ सुरळीत झाले, कारण आमचे दुखणे मुळात अपलोडचेच होते. मोठी जोडणी घेताना लोक राउटरवर छापलेले वाय-फायचे भलेमोठे आकडे पाहतात, पण ऑफलोडिंग बंद असताना तो किती पॅकेटे हाताळतो हे विचारत नाहीत, आणि विचारले तरी दुकानात त्याचे उत्तर मिळत नाही.

एकाच संगणकाची पन्नास माणसे

याच काळात आणखी एक गाऱ्हाणे आले. विलंब आवाक्यात होता, पण एक संगणक जुन्या प्रकल्पांचा साठा उतरवू लागला की बाकीच्यांचे डाउनलोड रोडावायचे. साठा उतरवणारा प्रोग्राम एकाच वेळी पन्नास जोडण्या उघडतो आणि जोडणीनिहाय समान वाटप केले तर त्याला पन्नास वाटे मिळतात, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मात्र एकच. केक माणशी वाटप करू शकते. अपलोडला ड्युअल-एसआरसीहोस्ट आणि डाउनलोडला ड्युअल-डीएसटीहोस्ट हे पर्याय त्यासाठीच आहेत. मी ते दिले, पण फरक पडला नाही. राउटरच्या बाहेरच्या तोंडाशी आतले सगळे संगणक नॅटमुळे, म्हणजे राउटर करत असलेल्या पत्त्यांच्या भाषांतरामुळे, एकाच पत्त्याचे दिसतात, हे लक्षात आले नव्हते. दोन्ही दिशांना नॅट हा शब्द जोडल्यावर केक भाषांतराच्या तक्त्यात डोकावून आतला खरा पत्ता पाहू लागली आणि वाटप टेबलानुसार झाले.

राहिली आतली बैठकीची खोली. तिथे आजही कधीतरी आवाज तुटतो, आणि राउटरवरची आकडेवारी त्या वेळी निर्मळ असते. वायरने घेतलेला पिंग 10 आणि त्याच क्षणी त्या खोलीतल्या लॅपटॉपवरून राउटरलाच घेतलेला पिंग 120 येतो. म्हणजे ही रांग वाय-फायच्या हवेत आहे, दोन भिंतींआड मंद वेगाने बोलणाऱ्या लॅपटॉपजवळ, आणि एसक्यूएमचा तिच्याशी काही संबंध नाही. त्या खोलीत वायर ओढायचे ठरले आहे. बैठकीच्या टेबलाखाली एक लॅन पॉइंट निघाला की कॉलचा लॅपटॉप त्याला जोडून तीन खिडक्यांतला पिंग मी पुन्हा एकदा घेणार आहे.